चार बोटं खाली

पाणी काठापासून चार बोटं खाली होतं.

कांचनने चार बोटं आडवी जुळवून टाकीच्या आतल्या बाजूला लावून पाहिली. तर्जनी काठाला टेकली आणि करंगळी पाण्याला. तिने हात बाहेर काढला, ओढणीला पुसला आणि पुन्हा घालून पाहिला, कारण एकाच मापावर विश्वास ठेवायचा नाही ही तिची सवय. दुसऱ्यांदाही माप तेच आलं. जेवणाआधी तिने याच टाकीतलं पाणी तळाशी गेलेलं पाहिलं होतं. मग सगळे आडवे झाले, तिचाही डोळा लागला, आणि आता टाकी भरलेली होती. घरातलं कोणीही उठलं नव्हतं.

मित्रांनो, ती टाकी माझी. मी पत्र्याचा कूलर आहे, वयाने जुना, रंगाने एके काळी निळा. झाशीत दतिया गेटजवळच्या एका गल्लीत, नारायणरावांच्या घराच्या खिडकीत मला बसवलं आहे. माझी पाठ गल्लीत आणि तोंड खोलीत. घरातल्या बाकीच्या वस्तू एक तर आत असतात, नाही तर बाहेर. मी दोन्हीकडे असतो. म्हणून मला जे ठाऊक आहे, ते कपाटाला ठाऊक नाही आणि दारालाही नाही.

माझा जन्म सीपरी बाजाराच्या मागे, पत्र्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. होळीच्या आधी तिथे दिवसभर ठोकाठोक चाले. पत्रा कापला, वाकवला, तीन बाजूंना जाळ्या लावल्या, जाळ्यांत गवत भरलं, मध्ये पंखा आणि तळाशी पंप बसवला. पंप पाणी वर चढवतो, ते गवतातून ठिबकतं, आणि पंखा बाहेरची झळ त्या ओल्या गवतातून आत ओढतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते, म्हणून हवा गार होते. माझं सगळं शास्त्र एवढंच आहे.

घडवताना एक सांधा मात्र नीट बसला नाही. खोलीकडच्या बाजूला, काठापासून चार बोटांवर, एक बारीक फट राहिली. पाणी तिच्या वर गेलं की भिंतीवरून खोलीत ओघळतं. खाली राहिलं, तर एक थेंब सांडत नाही. वरून पाहून ही फट कोणाला दिसत नाही. ती त्यालाच माहीत असते, जो माझ्याबरोबर राहिला आहे.

नारायणराव रेल्वेत गार्ड होते. मुलीच्या, कांचनच्या, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला विकत घेतलं आणि जावयाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पोचवलं. जावई हृषीकेश हाही रेल्वेतच, आणि नारायणरावांचे जुने मित्र भाऊसाहेब यांचा मुलगा. झाशीत मराठी घरं मोजकी. गणपतीच्या आरतीला जी माणसं जमतात तीच बारशाला आणि तीच दहाव्याला. त्यामुळे ‘पोरगी आपल्यातच दिली’ म्हणून सगळ्यांना बरं वाटलं होतं.

हृषीकेशचा हात कसबी होता. पहिल्याच दिवशी त्याने माझी फट शोधून काढली आणि कांचनला सांगितलं, “चार बोटं खाली. त्याच्या वर कधी भरायचं नाही.” माझ्या पत्र्याचा कोणाला झटका बसू नये म्हणून त्याने जमिनीत सळई ठोकून तार जोडली. साधं गवत काढून जाळ्यांत वाळा भरला. इथे त्याला खस म्हणतात. पाणी पडलं की त्याचा ओल्या मातीसारखा वास खोलीभर होतो. आलेले पाहुणे म्हणत, “जावई हौशी आहे हो!”

माझं बटण मात्र त्याने खोलीत ठेवलं नाही. ते त्याने बाहेर, व्हरांड्याच्या भिंतीवर बसवलं.

का, ते मला त्याच उन्हाळ्यात समजलं. हृषीकेश ओरडत नसे. कधी भाजीत मीठ जास्त झालेलं असे, कधी फोन उशिरा उचललेला असे, कधी काहीच झालेलं नसे. तो शांतपणे कांचनला खोलीत जायला सांगे, बाहेरून कडी लावी आणि माझं बटण बंद करी. बस, एवढंच.

ज्यांनी झाशीचा उन्हाळा पाहिलेला नाही, त्यांना हे थोडं सांगावं लागेल. मे महिन्याच्या शेवटी इथे नौतपा, म्हणजे वर्षातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागतो. त्या दिवसांत दुपारी खिडकीचे गज हाताला चटका देतात आणि नळाचं पाणी चहासारखं येतं. खोलीला एकच खिडकी, आणि तीही मी अडवलेली. कांचन माझ्या झडपांशी तोंड आणून उभी राही, कारण वाळा ओला असेपर्यंत तिथे थोडा गारवा असे. मग वाळाही सुके. तेव्हा ती जमिनीवर गाल टेकून पडून राही. संध्याकाळी कडी निघे. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून ताजा वाळा आणी, माझ्या जाळ्या धुऊन त्यात भरी, आणि घर पुन्हा सुगंधी होई.

या गोष्टींचा क्रम कांचनने ओळखला होता. ताजा वाळा, मग काही चांगले दिवस, मग कडी. तिच्या दृष्टीने तो वास म्हणजे माफी नव्हती. तो वास म्हणजे पुढच्या कडीची सुरुवात होती.

माझ्याशी तो कधीच वाईट वागला नाही. हेही सांगायला हवं. इतक्या हळुवार हातांनी मला दुसऱ्या कोणी पुसलेलं नाही.

त्यांची मुलगी रेवा सात वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात, एकदा कडी लागली तेव्हा तीही आत होती. दुसऱ्या दिवशी कांचन तिला घेऊन माहेरी आली आणि परत गेली नाही. घटस्फोटाचा दावा दाखल झाला. तो अजून चालू आहे. मधल्या काळात कोर्टाने कांचनला संरक्षणाचा आदेश दिला. हृषीकेशने या घरी यायचं नाही, ती शिकवते त्या शाळेत जायचं नाही, तिच्याशी आणि रेवाशी कोणत्याही मार्गाने बोलायचं नाही. कोर्टातल्या एका बाईंनी तिला नीट समजावून सांगितलं होतं, “मारलं तरच गुन्हा असं नाही. नुसता आला, नुसता बोलला, तरी आदेश मोडला. लगेच कळवायचं.”

नारायणरावांनी दिलेल्या वस्तू परत कराव्यात, असंही कोर्टाने म्हटलं. म्हणून एके सकाळी कपाट, शिलाई मशीन आणि मी टेम्पोत चढलो. निघण्यापूर्वी हृषीकेशने मला धुतलं. मोटरमध्ये तेल घातलं. मग माझ्या पत्र्यावर तळहात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. जी वस्तू आपल्याकडून कायमची जाणार, तिच्या मोटरमध्ये कोणी तेल घालतं का? तेव्हा मला हे विचित्र वाटलं नव्हतं.

आता या गल्लीची एक रीत सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. इथे प्रत्येक घराच्या खिडकीत एक कूलर आहे आणि प्रत्येक कूलरखाली एक नळ. ज्याला आधी जाग येते तो पाइप लावतो आणि आपल्याबरोबर शेजारच्यांचेही कूलर भरून टाकतो. कोणी कोणाला सांगत नाही, कोणी आभार मानत नाही. त्यामुळे भरलेली टाकी पाहून ‘कोणी भरली?’ असा प्रश्न या गल्लीत कोणाला पडत नाही.

समोर मुकेशचं इस्त्रीचं दुकान आहे. बहुतेक वेळा पाइप त्याच्याच हातात असतो. तो मला काठोकाठ भरतो, पाणी भिंतीवरून आत येतं, आणि कांचनची आई, कांताबाई, खिडकीतून ओरडतात.

“मुकेश! हमारे पलंग के नीचे नाव चलानी है क्या?”

“आंटी जी, लक्ष्मी ताल सूख रहा है, सोचा एक यहीं बना दें।”

त्या दुपारी चार बोटांचं माप दोनदा घेऊन कांचन गल्ली ओलांडून त्याच्याकडे गेली.

“मुकेश भैया, दोपहर में हमारा कूलर आपने भरा?”

“हम भरते तो अब तक आंटी जी की गाली खा चुके होते, दीदी।”

“किसी को देखा?”

मुकेशने इस्त्री उभी केली. “एक भाई साहब थे, मुँह पे गमछा बाँधे। हमने सोचा कूलर वाले हैं। बड़े ढंग से काम कर रहे थे। कल भी आए थे।”

लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, वाहते तेव्हा इथे प्रत्येक जण तोंडाला गमछा बांधतो. दुपारच्या झाशीत चेहरा झाकलेला माणूस कोणाच्या लक्षात राहत नाही. गल्ली भर उन्हात पांढरी पडलेली असते, दारं बंद, कुत्रीसुद्धा नालीत शिरलेली, आणि सगळ्या खिडक्यांतून कूलरची घरघर. त्या घरघरीत पावलं ऐकू येत नाहीत. बाकीच्या गावांना रात्रीची भीती वाटत असेल. आमची गल्ली दुपारी निर्जन होते.

कांचन घरात आली आणि दारातच थांबली. खोलीत वाळ्याचा वास होता. या घरात मला साधंच गवत घातलेलं होतं. तिने पुन्हा गल्लीत जाऊन माझी मागची जाळी उघडून पाहिली. गवताच्या मध्ये, हातभर जागेत, कोणीतरी ताजा वाळा नीट विंचरून बसवला होता.

“आई, तो इथे येतोय,” ती म्हणाली.

कांताबाई तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी ताट बाजूला ठेवलं. “पाणीच भरतोय ना बाई? पेटवून तर देत नाही.”

“त्याने इथे यायचंच नाहीये, आई.”

“पश्चात्ताप झाला असेल गं. पुरुषांना तोंडाने सांगता येत नाही.”

“त्याला तोंडाने सगळं सांगता येतं.”

“तुझ्या बाबांना विचार. मला त्या कोर्टातलं कळत नाही.”

नारायणरावांनी भाऊसाहेबांना फोन केला. भाऊसाहेब संध्याकाळी आले आणि नेमके माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला.

“वा! खस घातलाय? नारायणराव, हवा काय सुंदर येते तुमच्याकडे.”

कांताबाईंनी चहा आणून ठेवला.

“हे बघ कांचन,” ते म्हणाले, “तू मला मुलीसारखी. पोराच्या चुका मी नाकारत नाही. पण पाणी भरलं म्हणून पोलिसांत जायचं? पोलिसांत नाव गेलं की रेल्वे सस्पेंड करते, तुझ्या बाबांना विचार. पुढच्या तारखेला समजुतीने मिटवू. आपण काय परके आहोत?”

“ज्या वाळ्याचा वास तुम्ही आत्ता घेतलात ना, काका, तो आम्ही घातलेला नाही,” कांचन म्हणाली.

भाऊसाहेबांनी चहाचा कप हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. ते गेल्यावर नारायणराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, “तारखेपर्यंत थांबू या, बाळ. तोवर तो शहाणा होईल.”

कांचन शाळेत मुलांना विज्ञान शिकवते. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, असं ती फळ्यावर लिहून ठेवते. तेच तिने स्वतःलाही लावलं. तिने वाळा काढून टाकला आणि साधं गवत भरलं. दोन दिवसांनी वाळा परत आला. एका दुपारी ती आई-वडिलांना जागं ठेवून दारामागे उभी राहिली. त्या दुपारी कोणीच आलं नाही. ती थकून झोपली त्या दुपारी टाकी पुन्हा भरली, चार बोटं खाली. कोतवालीत पोलिसांना जाऊन काय सांगायचं, हे ती मनात जुळवून पाही. साहेब, पाण्याची पातळी. साहेब, एक वास. प्रत्येक वेळी वाक्य अर्ध्यावर मोडे आणि ती ठरवी, अजून एकदा खात्री करू.

दारामागे उभं राहून तिला तो का सापडला नाही, हे मला माहीत होतं. तो पाण्याला हात लावण्याआधी माझ्या मागच्या जाळीला कान लावी. ओल्या वाळ्यातून आतली चाहूल घेई. कोण झोपलं आहे आणि कोण जागं आहे, हे कळेपर्यंत तो तसाच राही, गाल जाळीला टेकवून. त्याच्या गमछ्यातून पाणी ठिबके. मग तो मला भरी. बटण बंद न करता, चालू कूलरमध्ये. घरघर थांबली असती तर लोक उठले असते. झटक्याची त्याला भीती नव्हती. मला अर्थिंगची तार जोडणारे हात त्याचेच होते, आणि इथेही तशीच सळई ठोकलेली आहे हे त्याने पहिल्याच दिवशी वाकून पाहिलं होतं.

मित्रांनो, चालू पंख्यासमोर तोंड धरून तुम्ही कधी ‘आ’ म्हणालात का? आवाज चिरला जातो. त्याचे बारीक तुकडे होऊन परत येतात. रेवाला हा खेळ फार आवडे. पंख्याची पाती आवाजाच्या लाटा कशा कापतात, हे आईने तिला वहीवर काढून दाखवलं होतं. दुपारी सगळे झोपले की ती पलंगावर गुडघे टेकून माझ्या झडपांशी तोंड आणी आणि लांबलचक ‘आ’ म्हणे.

एके दुपारी तिचा ‘आ’ संपला, आणि पंख्यामागून दुसरा ‘आ’ आला.

रेवा हसली. तिला वाटलं, मी बोलायला शिकलो.

मला बोलता येत नाही. मी फक्त वारा आत सोडतो, आणि वाऱ्याबरोबर जे येईल ते येतं. त्या दिवसापासून माझ्या श्वासातून एक आवाज आत येऊ लागला. चिरलेला, ओला, वाळ्याच्या वासाचा. तो सावकाश, एकेक अक्षर सोडून बोले.

“रे-वा.”

“कूलर, तू सोता नहीं क्या?” ती कुजबुजली.

“मी झोपत नाही.”

“आईला बताऊं का तू बोलतो म्हणून?”

“नको. आईला सांगितलंस तर मी बंद पडेन.”

बंद पडलेला कूलर म्हणजे काय, हे रेवाला ठाऊक होतं. तिने आईला सांगितलं नाही. तो आवाज तिला ओळखीचा वाटला होता का, हे मला सांगता येणार नाही. तुकडे झालेल्या आवाजात माणूस शोधायला मोठ्यांनाही वेळ लागतो. पण ती हळूहळू हसायची थांबली. आवाज आला की पाय पोटाशी घेऊन बसू लागली आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊ लागली. आई कुठे झोपते. मागच्या दाराला किती कड्या आहेत. वरच्या कडीला तुझा हात पोचतो का.

नौतपा लागला होता. त्या दिवशी जेवणं झाली, नारायणराव आणि कांताबाई पुढच्या खोलीत लवंडले. कांचन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली तर मागच्या दाराशी रेवा होती. तिने स्टूल ओढत आणलं होतं. खालची कडी काढलेली होती. ती स्टुलावर चढून, टाचा उंचावून, वरच्या कडीकडे हात नेत होती.

“रेवा, काय करतेस?”

“कूलरने सांगितलंय.”

कांचनच्या हातात पेला होता. तो तिने ओट्यावर ठेवला, अगदी सावकाश, आवाज होणार नाही असा.

“कूलरने काय सांगितलंय?”

“दोनों कड्या काढायच्या. मग आपण घुमायला जायचं. तू झोपलीस की.” रेवाने हात खाली घेतला. “आई, मैंने तुला बताया. आता तो बंद पडणार. मग गरम होणार.”

कांचनने तिला स्टुलावरून उचलून घेतलं. दोन्ही कड्या लावल्या. ती ओरडली नाही. पुढच्या खोलीत जाऊन तिने आई-वडिलांना हलवून जागं केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. चौघं माझ्या खोलीत आली. पलंगावर एका ओळीत पडली, झोपलेली माणसं पडतात तशी. या घरात माझं बटण पलंगाच्या उशाशी आहे. कांचनने त्यावर अंगठा ठेवला आणि श्वास सावकाश, झोपेतल्यासारखा घेऊ लागली. कांताबाईंनीही तसंच केलं. नारायणराव छताकडे बघत राहिले.

बाहेर माझ्या पाठीवर सावली पडली. ओल्या वाळ्याला एक गाल टेकला. तो ऐकत राहिला. आत सगळे श्वास एका लयीत चालले होते. नळाची तोटी फिरली, पाणी पडू लागलं, आणि थांबलं. नेमकं जिथे थांबायचं तिथेच. मग वाऱ्याबरोबर तो आवाज आत आला.

“रे-वा.”

पलंगावर कांताबाईंची बोटं चादरीत रुतली. रेवाने आईकडे पाहिलं. कांचनने मान हलवली.

“हां,” रेवा म्हणाली.

“स्टू-ल ने-लं-स?”

कांचनने बटण बंद केलं.

पंखा लगेच थांबत नसतो, मित्रांनो. पाती आधी दिसू लागतात, मग मोजता येतात, मग थांबतात. घरघर उतरत गेली. बाहेरच्याला हे कळायला थोडा उशीर झाला, आणि तेवढ्यात त्या आवाजाचे तुकडे जुळत जुळत एक अखंड माणसाचा आवाज झाला. तो खोलीत असा आला, जणू बोलणारा पलंगाच्या कडेलाच बसला होता.

“...वरची काढ, हळूच. आईला उठवू नकोस. तिला झोपू दे, मी तिच्या खोलीची कडी बाहेरून लावतो. मग आपण दोघंच जाऊ.”

मग शांतता. गवतातून टाकीत थेंब पडत होते. दुसरा आवाज नव्हता.

माझ्या मागच्या जाळीपलीकडे तो उभा होता. आतल्यांना त्याचा चेहरा दिसत नव्हता. वाळ्याच्या काड्यांमधून फक्त एक काळसर आकार आणि त्याचा हलणारा श्वास. त्याचा हात अजून माझ्या काठावर होता. ती शांतता त्याच्या ओळखीची होती. बंद कूलरची शांतता. फक्त आजवर तो नेहमी बटणाच्या बाजूला असायचा.

“बाबा,” तो सासऱ्यांना हलकेच म्हणाला, “मी फक्त पाणी भरायला आलो होतो.”

आकार जाळीवरून सरकला. पावलं गल्लीत गेली आणि पहिल्यांदाच आतल्या सगळ्यांना ती ऐकू आली. ती घाईची नव्हती.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. मला पुसा, रंगवा, पावसाळ्यात झाकून ठेवा, असं मीही मागितलं असतं. पण मी एवढंच मागतो. वस्तू बोलत नसतात. कधी एखादी वस्तू बोलली आणि म्हणाली की आईला सांगू नकोस, तर आधी तिचं बटण बंद करा. मग जे ऐकलं ते मोठ्याने सांगा. गरम झालं तरी चालेल.

खोली तापू लागली होती. रेवा आईच्या मानेला बिलगली होती. कांताबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. “कडी बाहेरून लावतो म्हणाला,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “तू सांगायचीस तेव्हा मला वाटायचं, वाढवून सांगतेस गं.”

नारायणराव उठून बसले. उशीखालचा फोन त्यांनी चाचपून काढला. “भाऊसाहेबांना आत्ताच्या आत्ता बोलावतो. त्यांच्यासमोर—”

“नको, बाबा.”

“अगं, निदान त्यांच्या कानावर तरी...”

“नको.”

कांचनने रेवाला आजीच्या मांडीवर दिलं. ती माझ्याजवळ आली, झडपा बाजूला सारून, थांबलेल्या पात्यांमधून हात घालून मागच्या जाळीतला वाळा मुठीने उपटून काढला आणि जमिनीवर टाकला. त्यातून पाणी निथळून फरशीवर पसरलं. ती दाराकडे गेली, खुंटीवरचा गमछा घेतला, डोक्याला गुंडाळला आणि चेहरा मात्र उघडा ठेवला. गल्लीतून मुकेशच्या इस्त्रीचा ठोका ऐकू आला.

“मुकेश भैया!” तिने दारातून हाक मारली. “जिनको आपने देखा था, पहचान लेंगे?”

“चाल से पहचान लेंगे, दीदी। अभी तो यहीं से निकले हैं।”

ती वळली. नारायणराव अजून फोन हातात धरून तिच्याकडे पाहत होते. तिचा आवाज वर्गात असतो तसा होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

“बाबा, चपला घाला. हृषीकेशने आदेश मोडला, आणि मी त्याची तक्रार द्यायला आत्ता कोतवालीत जाते आहे.”